शॅप ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार कसा विरघळतो: सूक्ष्मदर्शकाच्या आधारे केलेला एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रिया परगण्यात, शॅप नावाचे गाव आहे आणि त्याच्या जवळच ग्रॅनाइटची एक लहानशी राशी जमिनीवर उघडी पडली आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या या खडकात गुलाबी रंगाचे, काही सेंटिमीटर लांबीचे अल्कली फेल्डस्पारचे, म्हणजे पोटॅशियम व सोडियम असलेल्या सिलिकेट खनिजाचे, स्फटिक असून त्यांच्यामुळे हा दगड कुठेही पडलेला असला तरी ओळखू येतो. हिमयुगात हिमनद्यांनी त्याचे गोटे डोंगररांग ओलांडून पूर्वेकडे यॉर्कशायरपर्यंत वाहून नेले आणि बर्फाचा मार्ग शोधणाऱ्या भूवैज्ञानिकांना त्या गुलाबी स्फटिकांचा मोठा उपयोग झाला. १९९० च्या दशकात इयन पार्सन्स आणि मार्टिन ली या भूवैज्ञानिकांनी याच स्फटिकांकडे वेगळ्या प्रश्नासाठी पाहिले. पावसाच्या आणि मातीतल्या पाण्याने फेल्डस्पार विरघळतो हे सर्वमान्य आहे. पण स्फटिकाच्या नेमक्या कोणत्या जागेपासून तो विरघळू लागतो, त्या जागा आधीच ठरलेल्या असतात का, आणि असल्यास त्या कोणी ठरवल्या, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी एवढे लक्षात घेतले तरी पुरे की पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग फेल्डस्पार गटातील खनिजांचा आहे. ही खनिजे विरघळतात तेव्हा पोटॅशियम, सोडियम व कॅल्शियम पाण्यात उतरतात, अ‍ॅल्युमिनियम आणि काही सिलिका मागे राहून केओलिनाइटसारखी चिकणमातीची खनिजे तयार होतात, आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. मातीची सुपीकता, नद्यांच्या पाण्याचे रसायन आणि लक्षावधी वर्षांच्या मापाने पाहिल्यास पृथ्वीचे हवामान, या तिन्ही गोष्टींचा संबंध या एका मंद क्रियेशी येतो. म्हणूनच तिचा वेग मोजण्याचे प्रयत्न अनेक दशके चालू आहेत आणि म्हणूनच प्रयोगशाळेत मोजलेला वेग व निसर्गात दिसणारा वेग यांचा मेळ बसत नाही ही अडचण गंभीर मानली जाते. निसर्गातला वेग प्रयोगशाळेतल्या वेगापेक्षा कित्येक पटींनी, काही ठिकाणी हजारो पटींनी कमी भरतो.

आधीचा वाद

शॅपच्या कामाची पार्श्वभूमी म्हणून त्याआधीच्या एका वादाकडे जरा सविस्तर पाहावे लागते, कारण सूक्ष्मदर्शकाची गरज तिथेच सिद्ध झाली. १९६० आणि १९७० च्या दशकांतील बहुतेक प्रयोगांची रीत सारखी होती: फेल्डस्पार कुटायचा, ठरावीक मापाच्या चाळण्यांतून चाळायचा, ती पूड पाण्यात किंवा सौम्य आम्लात ठेवायची आणि वेळोवेळी पाण्याचा नमुना काढून त्यात सिलिका, अ‍ॅल्युमिनियम व अल्कली किती उतरले ते मोजायचे. सुरुवातीला विरघळण्याचा वेग जास्त असे आणि मग तो वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने मंदावत जाई. असा आलेख विसरणाच्या, म्हणजे आयन एखाद्या थरातून हळूहळू पाझरत जाण्याच्या, क्रियेत मिळतो, म्हणून कणाभोवती एखादा संरक्षक थर तयार होत असावा आणि त्यातून आयनांना वाट काढावी लागत असावी, असा निष्कर्ष काढला गेला. हा थर अल्कली निघून गेल्यावर उरलेल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा असेल किंवा पुन्हा साचलेल्या अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा असेल, यावर मतभेद होते. कोरेन्स यांच्या १९३० च्या दशकातील कामापासून ही कल्पना चालत आली होती. वोलास्त यांचा १९६७ चा आणि बुसेनबर्ग व क्लेमेन्सी यांचा १९७६ चा अभ्यासही याच दिशेचा होता. मात्र थराचे अस्तित्व आणि त्याची जाडी या दोन्ही गोष्टी पाण्याच्या पृथक्करणावरून गणिताने काढलेल्या होत्या. ज्या कणाबद्दल हे सारे बोलले जात होते तो कण प्रयोगानंतर कसा दिसतो, हे तपासण्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते.

येल विद्यापीठात रॉबर्ट बर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. पेत्रोविच, बर्नर आणि गोल्डहेबर यांनी १९७६ मध्ये क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटमितीने, म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पदराचे रसायन सांगणाऱ्या पद्धतीने, विरघळलेल्या कणांचे पृष्ठभाग तपासले तेव्हा दोनेक नॅनोमीटरपेक्षा जाड असा सलग थर त्यांना सापडला नाही. विसरणाच्या गणिताला लागणारा थर याहून बराच जाड असायला हवा होता. मग सुरुवातीचा वाढीव वेग कशामुळे? होल्ड्रेन आणि बर्नर यांनी १९७९ मध्ये दाखवलेले कारण अगदी साधे होते. कुटताना तयार झालेली अतिसूक्ष्म धूळ मोठ्या कणांना चिकटून राहते आणि ती धूळ आधी, भराभर विरघळते. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, ज्याला प्रयोगशाळेत सगळे एसईएम म्हणतात, ही धूळ स्पष्ट दिसते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने कण थोडा वेळ धुतले की धूळ नाहीशी होते आणि त्यानंतरचा विरघळण्याचा आलेख वर्गमुळाचा न राहता सरळ रेषेचा होतो. नैसर्गिक मातीतून काढलेले फेल्डस्पारचे कण चिकणमाती काढून टाकून पाहिले असता त्यांच्यावर ठरावीक दिशांना लागलेले, कोनदार कडांचे खळगे दिसले. आच्छादक थर दिसला नाही. पाणी स्फटिकाला सगळीकडून सारखे झिजवत नाही, ते निवडक जागी कोरत जाते, हे यातून पुढे आले.

या वादातून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुराव्यांचा क्रम. द्रावणाचे पृथक्करण अचूक होते, आलेख खरा होता आणि गणितही बिनचूक होते. तरीही निष्कर्ष चुकला, कारण एकाच आलेखाला दोन वेगळी भौतिक कारणे असू शकतात आणि त्यांतले खरे कोणते हे आलेखावरून ठरत नाही. कण पाहिल्याशिवाय ते ठरले नसते.

शॅपची निवड आणि पाहण्याची साधने

शॅपचा फेल्डस्पार या अभ्यासाला सोयीचा आहे, कारण एकाच खडकातील एकाच प्रकारचे स्फटिक तिथे वेगवेगळ्या अवस्थांत मिळतात. खाणीतून ताजा दगड मिळतो, उघड्या खडकावर दगडफुलाच्या आवरणाखाली झिजलेला पृष्ठभाग मिळतो आणि वरच्या आम्लधर्मी पीट मातीत सुटे झालेले कणही मिळतात. मूळ स्फटिक कसा होता हे ठाऊक असताना त्याचे पुढे काय झाले ते पाहता येणे, ही सोय मातीच्या अभ्यासात क्वचितच मिळते. मातीतला कण नेमका कोणत्या खडकातून आला हे बहुतेक वेळा अंदाजानेच ठरवावे लागते.

पाहण्याची सुरुवात नेहमीच्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकापासूनच होते. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या पातळ कापात स्फटिकाचे काही भाग स्वच्छ व काही गढूळ दिसतात आणि गढूळ भागात सोडियमयुक्त व पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारची वेडीवाकडी ठिगळे ओळखू येतात. दृश्य प्रकाशाची भेदनक्षमता साधारण ०.२ मायक्रोमीटरला संपते, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या भागात आणखी काय दडले आहे ते इथे कळत नाही. एसईएममध्ये दुय्यम इलेक्ट्रॉनांनी पृष्ठभागाचा उंचसखलपणा दिसतो आणि मागे परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी रासायनिक फरक दिसतो: पोटॅशियमचा अणू सोडियमपेक्षा जड असल्याने पोटॅशियमचे पट्टे उजळ व सोडियमचे पट्टे काळपट येतात. त्याहून खोल जायचे तर पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यासाठी नमुना सुमारे १०० नॅनोमीटर किंवा त्याहून पातळ करावा लागतो, पण त्यात स्फटिकजालातील दोष प्रत्यक्ष रेषा म्हणून दिसतात.

यांच्या जोडीला एक छोटा पण निर्णायक प्रयोग असतो. ताज्या, विदारण (हवा-पाण्याने होणारी झीज) न झालेल्या स्फटिकाचा चिरेवर, म्हणजे तो ज्या ठरावीक प्रतलात सहज फुटतो तिथे, फुटलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लुओरिक आम्लाला अगदी थोडा वेळ दाखवायचा आणि मग एसईएममध्ये पाहायचे. आम्लाने उघड केलेली नक्षी आणि मातीतल्या कणावर हजारो वर्षांत उमटलेली नक्षी यांची तुलना झाली की, नैसर्गिक खळग्यांच्या जागा स्फटिकात आधीपासून होत्या की बाहेरून आल्या, याचे उत्तर मिळते.

एका कणाचे जवळून दर्शन

पीट मातीतून काढलेला, चिकणमाती धुऊन टाकलेला एक कण एसईएमखाली ठेवला आहे असे समजा. कमी वर्धनात तो फेल्डस्पारच्या कोणत्याही तुकड्यासारखा दिसतो: जवळजवळ काटकोनात भेटणाऱ्या दोन सपाट चिरा आणि मधूनमधून तुटलेल्या कडा. वर्धन काही हजार पटींवर नेले की त्या सपाट पृष्ठभागावर ओळीने लागलेली छिद्रे दिसू लागतात. छिद्रांच्या ओळी एकमेकींना समांतर असतात, त्यांच्यातले अंतर बऱ्यापैकी सारखे असते, आणि काही ठिकाणी शेजारच्या छिद्रांमधली भिंत विरघळून शिडीच्या पायऱ्यांसारखी रचना तयार झालेली असते. तोच कण फिरवून दुसरी चीर समोर आणली तर तिथेही ओळी आहेत, मात्र त्या छिद्रांच्या नळ्या वेगळ्या दिशेने, पहिल्या नळ्यांशी काटकोन करून आत गेलेल्या आहेत. कणाची एखादी कड ताजी तुटलेली असेल तर तिथे हे सगळे आडव्या छेदात दिसते: नळ्यांचे दोन संच एकमेकांना छेदत आत गेलेले आणि त्यांच्यामध्ये अजून न विरघळलेला फेल्डस्पार लहान लहान खांबांसारखा उरलेला. वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीसारखी ही स्थिती आहे. बाहेरचा आकार शाबूत दिसतो, पण आतला बराचसा भाग पोखरला गेलेला असतो.

पार्सन्स, ली आणि जोसेफ स्मिथ यांनी १९९८ मध्ये या रचनेची मापे दिली. नळ्यांची रुंदी साधारण ०.४ ते ०.६ मायक्रोमीटर, पोखरलेल्या थराची जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर, आणि स्फटिकाच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे नळ्यांचे २० ते ३० लाख छेद. मीठ चिमटीत धरावे एवढ्याशा कणाच्या पृष्ठभागावर अशी लाखो तोंडे उघडलेली असतात, हे आकडे वाचताना सहज निसटून जाते.

आम्लाने उघड केलेल्या ताज्या स्फटिकावरही अशीच मांडणी मिळाली. म्हणजे या जागा पाण्याने किंवा जिवाणूंनी निवडलेल्या नव्हत्या. स्फटिक मातीत येण्याच्या फार आधी त्या ठरून गेल्या होत्या.

कारण स्फटिकाच्या आत

पारगामी सूक्ष्मदर्शकाने याचे कारण दाखवले आणि ते स्फटिकाच्या थंड होण्याच्या इतिहासात आहे. उच्च तापमानाला पोटॅशियम आणि सोडियम एकाच फेल्डस्पारच्या जालात मिसळून राहू शकतात. तापमान उतरू लागले की हे मिश्रण टिकत नाही. सोडियम एका बाजूला व पोटॅशियम दुसऱ्या बाजूला जाऊन एकाआड एक अतिशय पातळ पापुद्रे तयार होतात. या रचनेला पर्थाइट म्हणतात. पापुद्रे वेगळे झाले तरी सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची चौकट अखंडच राहते. अडचण अशी की सोडियमचा आयन लहान असल्याने त्याच्या वाट्याची चौकट आखडते. एकक कोशिकेची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान साच्याची, एक बाजू पोटॅशियम फेल्डस्पारमध्ये सुमारे ८.६ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) असते, तर सोडियमच्या अल्बाइटमध्ये ती सुमारे ८.१ भरते; इतर दोन बाजूंतला फरक यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून पापुद्रे अशा दिशेने वाढतात की सर्वांत मोठा फरक त्यांच्या आडवा पडावा आणि ज्या प्रतलात दोन्ही जाले जुळवून घ्यायची त्या प्रतलात फरक कमीत कमी राहावा.

तरीही थोडा ताण उरतोच. पापुद्रे पातळ असेपर्यंत स्फटिक तो ताण सोसतो, पण ते जाड होत गेले की एका टप्प्यानंतर जालातील एखादी ओळ तुटते आणि डिसलोकेशन नावाचा रेषीय दोष तयार होतो. उरलेला ताण दोन काटकोनी दिशांना असल्यामुळे हे दोषही पापुद्र्यांच्या सीमेवर दोन काटकोनी दिशांनी मांडले जातात. मातीतल्या कणावर दिसलेले नळ्यांचे दोन संच म्हणजे याच दोन संचांच्या मार्गाने पाण्याने केलेले काम होय. दोषाच्या गाभ्यातील अणूंचे बंध ताणलेले असतात, तिथे साठलेली ऊर्जा जास्त असते, त्यामुळे विरघळणे तिथे सोपे जाते. एकदा खळगा पडला की पुढच्या पायऱ्या त्याच्या कडेपासून सुटत जातात.

स्फटिकाच्या गढूळ भागाची गोष्ट वेगळी आहे. ग्रॅनाइट थंड होताना, काही शे अंश तापमान उरले असताना, त्यातल्याच गरम पाण्याने पापुद्र्यांची रचना काही ठिकाणी मोडून तिथे ठिगळांची नवी रचना केली. या प्रक्रियेत ताण मोकळा झाला, दोषांच्या नियमित रांगा संपल्या, पण त्याऐवजी असंख्य सूक्ष्म छिद्रे व छोट्या उपकणांच्या सीमा निर्माण झाल्या. विदारणात हे भाग नळ्यांच्या जाळीने पोखरले जात नाहीत. त्यांचे उपकण सीमांवरून सुटत जातात. त्यामुळे एकाच स्फटिकाच्या दोन भागांची झीज दोन वेगळ्या रीतींनी होते आणि दोन्ही रीती ४० कोटी वर्षांपूर्वीच्या शीतलनाने ठरवलेल्या आहेत. पोखरलेला थर कमकुवत झाल्यावर त्याचे मायक्रोमीटर मापाचे तुकडे पडतात, म्हणजे रासायनिक विदारणच यांत्रिक विदारणाची तयारी करून देते. शालेय पुस्तकांत या दोन प्रक्रिया वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. इथे त्या एकाच कणावर, एकाच वेळी चालू असतात.

वेगाच्या हिशेबावर याचा परिणाम

आता मापांचा एक ढोबळ हिशेब करून पाहू, कारण या प्रकरणाचे खरे वजन त्यातूनच कळते. साध्या तापमानाला व उदासीनच्या जवळपासच्या पाण्यात अल्कली फेल्डस्पार विरघळण्याचा प्रयोगशाळेतील वेग दर चौरस मीटरला दर सेकंदाला एक मोलचा साधारण लाख कोटीवा भाग, या पातळीचा असतो. पोटॅशियम फेल्डस्पारचे एका मोलचे आकारमान सुमारे १०९ घन सेंटिमीटर धरल्यास सपाट पृष्ठभाग वर्षाला सुमारे ३.४ नॅनोमीटरने मागे सरकतो. एकक कोशिकेच्या जाडीचा एक थर जायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. चालू विदारण थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे प्रयोग बहुधा तीव्र आम्लात किंवा वाढवलेल्या तापमानाला करावे लागतात, त्याचे कारण हेच आहे.

शॅपच्या मोजमापांवरून दुसरी बाजू पाहता येते. प्रत्येक चौरस मायक्रोमीटरमागे अडीच नळ्या, प्रत्येकीची रुंदी अर्धा मायक्रोमीटर आणि त्या सगळ्या ५० मायक्रोमीटर खोल गेल्या आहेत असे मानले, तर नळ्यांच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ बाहेरच्या सपाट क्षेत्रफळाच्या जवळजवळ २०० पट होते. ही वरची मर्यादा आहे, कारण सगळ्या नळ्या पूर्ण खोलीपर्यंत त्याच रुंदीने जात नाहीत. पण मर्यादा शंभर पटींवर आणली तरी मुद्दा बदलत नाही. विरघळण्याचा वेग क्षेत्रफळाला भागून सांगितला जातो. तीच झीज बाहेरच्या क्षेत्रफळाने भागली तर एक उत्तर येते आणि वायूचे रेणू चिकटवून मोजलेल्या, नळ्यांसकटच्या क्षेत्रफळाने भागली तर शंभर-दोनशे पटींनी लहान उत्तर येते. निसर्ग आणि प्रयोगशाळा यांच्यातील तफावतीचा काही भाग तरी या भाजकात आहे, असे माझे ठाम मत आहे.

नळ्यांच्या सगळ्या भिंती सारख्याच तत्परतेने विरघळतात असे मानायलाही आधार नाही. दोषाचा गाभा एकदा विरघळून गेल्यावर उरलेली भिंत बहुतांशी निर्दोष स्फटिकाची असते. शिवाय अर्ध्या मायक्रोमीटरच्या नळीत पाणी फार हळू बदलते, विरघळलेले घटक साचतात, द्रावण संपृक्ततेकडे झुकते आणि विरघळण्याची ओढ कमी होते. आर्ट व्हाइट आणि सुझन ब्रँटली यांनी २००३ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवले की सिलिकेट खनिजांचा वेग विदारणाचा काळ वाढत जातो तसा कमी होत जातो. याची कारणे त्यांनी खनिजाच्या आतल्या बदलांत आणि भोवतालच्या द्रावणाच्या स्थितीत अशी दोन्हीकडे शोधली. शॅपच्या कणाची छायाचित्रे समोर असली की ही दोन्ही कारणे एकाच नळीत कशी एकत्र येतात ते समजते.

खळग्यांची संख्या जास्त तर वेगही त्याच प्रमाणात जास्त, असा सरळ निष्कर्ष मात्र काढता येत नाही. दोषांची घनता मुद्दाम वाढवून केलेल्या प्रयोगांत विरघळण्याचा वेग अपेक्षेपेक्षा खूपच कमी वाढला. लासागा आणि ल्युटगे यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार खळग्याचे मुख्य काम पायऱ्या पुरवण्याचे असते. त्या पायऱ्या पृष्ठभागावर पसरत जाऊन सगळा पृष्ठभाग खाली उतरवतात. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रात डोळा खळग्याकडे ओढला जातो, त्यामुळे ही सूचना नेहमी मनात ठेवावी लागते.

थराचा प्रश्न पुन्हा

येलच्या कामाने थराची कल्पना कायमची निकालात निघाली असे म्हणता येत नाही. क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन पद्धत मोठ्या क्षेत्राची सरासरी देते. खळग्याच्या तळाशी काही वेगळे घडत असेल तर ते तिच्यात दिसत नाही. पुढे तीव्र आम्लातील प्रयोगांत, विशेषतः कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेजवर (सोडियम-कॅल्शियमच्या फेल्डस्पारवर), सिलिकाने समृद्ध असे जाड थर निःसंशय आढळले. शॅपच्याच ग्रॅनाइटवर दगडफुलाच्या आवरणाखाली सिलिकासमृद्ध थर साचल्याचे ली आणि पार्सन्स यांनी १९९९ मध्ये नोंदवले.

या प्रश्नाला नवी धार आली ती आडवा छेद पाहता येऊ लागल्यावर. केंद्रित आयन झोताच्या तंत्रात गॅलियमच्या आयनांचा बारीक झोत वापरून कणाच्या हव्या त्या जागेतून, अगदी एखाद्या खळग्याच्या मधून, पातळ पापुद्रा कापून काढता येतो आणि तो पारगामी सूक्ष्मदर्शकात ठेवता येतो. ली व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नैसर्गिक विदारण झालेल्या अल्कली फेल्डस्पारवरच या तंत्राचे प्रकरण मांडले. कापण्यापूर्वी पृष्ठभागावर धातूचा संरक्षक लेप देणे इथे अत्यावश्यक आहे. तो नसेल तर झोतच पृष्ठभागाचे काही नॅनोमीटर अस्फटिकी करून टाकतो, आणि ज्या थराचा शोध घ्यायचा तोच थर उपकरणाने तयार केलेला असतो.

रोलां हेलमान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आम्लात ठेवलेल्या लॅब्रॅडोराइटवर (प्लॅजिओक्लेजच्याच एका प्रकारावर) आणि २०१२ मध्ये प्रयोगशाळेतील व निसर्गातील अशा दोन्ही नमुन्यांवर आडवे छेद पाहिले. मूळ स्फटिक आणि सिलिकेचा अस्फटिकी थर यांच्यातली सीमा त्यांना अत्यंत तीक्ष्ण, नॅनोमीटरच्या मापात संपणारी आढळली. आयन हळूहळू पाझरून गेले असते तर रासायनिक बदल उतरत्या भाजणीने दिसायला हवा होता. तीक्ष्ण सीमेचा अर्थ त्यांनी असा लावला की स्फटिक सीमेवर पूर्ण विरघळतो आणि त्याच जागी, पाण्याच्या अतिपातळ पदरातून, सिलिका पुन्हा साचते. थर आहे म्हणणारे आणि थर नाही म्हणणारे, दोन्ही बाजूंचे निरीक्षण काही प्रमाणात खरे ठरते. बदलतो तो थर तयार होण्याच्या मार्गाविषयीचा समज. हे स्पष्टीकरण मला पटणारे वाटते, तरी प्रत्येक खनिज व प्रत्येक आम्लतेसाठी ते लागू आहे असे अजून सर्वांनी मान्य केलेले नाही.

शॅपच्या पोखरलेल्या कणांवरून पार्सन्स, ली आणि स्मिथ यांनी एक धाडसी कल्पनाही मांडली: आदिम पृथ्वीवर अशाच नळ्यांमध्ये सेंद्रिय रेणूंना आसरा मिळून जीवनाची सुरुवात झाली असेल. कल्पना म्हणून ती वाचनीय आहे. विदारणाच्या अभ्यासासाठी मात्र त्याच लेखातली मापे अधिक टिकाऊ आहेत, असे मला वाटते.

पद्धतीच्या मर्यादा

सूक्ष्मदर्शकाचा पुरावा डोळ्यांना पटतो, म्हणूनच तो तपासून घ्यावा लागतो. पारगामी सूक्ष्मदर्शकातील एक पापुद्रा काही मायक्रोमीटर लांबीचा असतो. त्यावरून एका माळावरच्या सगळ्या मातीबद्दल बोलायचे तर मधल्या मापांवरची निरीक्षणे, म्हणजे हातातला दगड, पातळ काप आणि एसईएममधले अनेक कण, आधी हाताशी हवीत. नमुना निर्वातात जातो तेव्हा पाणी धरून ठेवणारे जेलसारखे थर आटतात व तडकतात. धुण्याने चिकणमातीबरोबर सैल झालेले फेल्डस्पारचे तुकडेही निघून जातात. शिवाय छायाचित्र घेणारा माणूस सुंदर खळग्यासमोर थांबतो आणि सपाट, काही न घडलेल्या भागावरून पुढे सरकतो. म्हणून कणांची निवड आधी ठरवून, प्रत्येक कणावरील ठरावीक क्षेत्र मोजून नोंद करणे ही शिस्त छायाचित्राच्या स्पष्टतेइतकीच महत्त्वाची आहे.

दख्खनच्या बेसाल्टसाठी

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या दख्खन बेसाल्टने व्यापला आहे, त्यातही फेल्डस्पार हे प्रमुख खनिज आहे. तो बहुतांशी लॅब्रॅडोराइटच्या आसपासचा, कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज असतो. शॅपचा निष्कर्ष मात्र इथे जसाच्या तसा आणता येणार नाही. लाव्हा ग्रॅनाइटच्या तुलनेत फार लवकर थंड झाला, त्यामुळे शॅपसारखे जाड होत गेलेले पापुद्रे आणि त्यांच्या सीमांवरच्या दोषांच्या काटकोनी रांगा इथे अपेक्षित नाहीत. पाण्याला वाट देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: शीतलनाच्या भेगा, वायूंच्या पोकळ्या, स्फटिकांमधली लवकर बदलणारी काच आणि स्फटिकाच्या गाभ्यापासून कडेपर्यंत बदलत जाणारे कॅल्शियमचे प्रमाण. कॅल्शियम जास्त असलेला भाग आधी विरघळतो, त्यामुळे गाभा पोकळ आणि कड शाबूत असे कण मिळण्याची शक्यता इथे तपासायला हवी.

शॅपकडून घ्यायची ती कामाची रीत. घाटातल्या एकाच कापणीत खालचा ताजा काळा दगड, त्यावरचा मुरूम आणि जिथे असेल तिथे जांभा, असे एकाच प्रवाहातले नमुने एका रेषेत घ्यावेत, म्हणजे मूळ फेल्डस्पार कसा होता हे गृहीत धरावे लागत नाही. मुरूम हातात चुरतो, म्हणून काप घेण्यापूर्वी तो राळेत पूर्ण भिजवून घट्ट करावा, आणि फुगणारी चिकणमाती बिघडू नये यासाठी कापताना पाण्याऐवजी तेल वापरावे. पहिली नजर टाकायची ती फेल्डस्पारचा कण आणि त्याच्या शेजारची चिकणमाती यांच्यामधल्या सीमेवर. दोघांमध्ये रिकामी जागा असेल आणि ती राळेच्या आटण्याने पडलेली नसेल, तर विरघळलेले घटक वाहून गेले आणि चिकणमाती दुसरीकडून येऊन साचली असे समजायला आधार मिळतो. चिकणमाती किंवा सिलिका फेल्डस्पारला थेट चिकटलेली असेल आणि सीमा तीक्ष्ण असेल, तर त्याच जागी विरघळणे व साचणे चालू आहे असे मानून त्या सीमेतून केंद्रित आयन झोताने छेद घ्यावा.